शापोऱ्यात थांबलेली लाँच

“बाय, माझ्या घोवाक चोर म्हणतत. देवीचो चोर.”

सुशीला शेटगावकर दारातच उभी होती. खाली म्हापशाचा शुक्रवारचा बाजार भरला होता. त्या गर्दीतून वाट काढत ती जिना चढून आली होती. डोळे सुजलेले होते. सुमंगला कामत यांनी खुर्ची पुढे सरकवली, तरी ती बसली नाही.

सुमंगलाबाईंनी बरीच वर्षं एका विमा कंपनीत दावे तपासण्याचं काम केलं होतं. बुडालेल्या होड्या, जळालेली गोदामं, हरवलेले दागिने. नोकरी सोडून त्यांनी म्हापशात स्वतःचं कार्यालय थाटलं, तेव्हा दारावरची ‘खाजगी चौकशा’ ही पाटी वाचून लोक हसले होते. आता हसत नसत. त्यांचा मामेभाऊ गौरेश पणजीच्या एका मराठी दैनिकात मुद्रितं तपासायचा आणि सुट्टी मिळाली की स्कूटर घेऊन ताईकडे यायचा. छापलेल्या ओळीतली वेलांटी चुकली तर त्याला लगेच दिसे. माणसांच्या बाबतीत मात्र त्याची नजर तेवढी तीक्ष्ण नव्हती.

“आधी बस,” सुमंगला म्हणाल्या. “मग पहिल्यापासून सांग.”

सुशीला बसली आणि सांगू लागली.

मोरजीच्या अलीकडे, शापोरा नदीच्या काठावर खारेवाडा आहे. तिथल्या सातेरी देवीचा सोन्याचा मुखवटा दर वर्षी जत्रेआधी म्हापशाच्या सोनाराकडे उजळायला जातो. परत येतो तो नदीतूनच. शिवोलीच्या धक्क्यावर लाँच उभी असते, मुखवट्याची पेटी तिच्यात चढते आणि वाजतगाजत खारेवाड्याला उतरते. फेरीबोटीतून देवीला आणायचं नाही, अशी रीत. सुशीलाचा नवरा विठू हा त्या लाँचचा मालक आणि चालकही.

“ह्या वर्सा लाँच मध्यार बंद पडली. मागीर चालू जाली, घराकडे इली. देवळात भटांनी पेटी सोडली, तर रेशमी वस्त्रात मुखवटो ना. दगड!”

“कसला दगड?”

“शिरगावच्या खाणीचो. लोखंडाचो. आमच्या लाँचीच्या बुडाक वजनाक तसलेच दगड घातल्ले आसत. म्हणान फौजदारान ह्यांका धरून व्हेले. म्हणता, लाँच बंद पाडली, मुखवटो काडून पाण्यात खंय तरी दोरयेन बांदून सोडलो, आणि पेटयेत दगड घातलो.”

“लाँचीत आणखी कोण होतं?”

“मारुती, इंजिनाचां काम करता तो. कृष्णनाथ भट. आणि गोकुळदासभावजी.”

“ते कोण?”

“देवस्थानाचे अध्यक्ष. ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त.” सुशीलाने पदराने डोळे टिपले. “भाशेचां भांडण जालां तेन्ना ह्यांनी कोंकणीची बाजू घेतली. वाडो सगळो मराठीवालो. बायलांनी आमच्याकडे हळदीकुंकवाक येवचां सोडलां. भावजी सोता मराठीवाले, सभेत भाषणां करीत. पुण आमच्या दारात येवन चा पिल्याबगर रावूक नात. आतां वाडो म्हणता, विठून त्या भांडणाचो सूड घेतलो.”

“आणि भावजी काय म्हणतात?”

“म्हणतत, वहिनी, हंय रावन लोकांची बोलणीं कित्याक आयकतात? जागो विकून दिचोलीक म्हायेरा जावा. गिरायक मी बगतंय.”

“जागा कुठली?”

“न्हयेकडची, नदीच्या काठार. हॉटेलवाल्यांची माणसां दोनदा इल्लीं. ह्यांनी ना म्हटल्यानी.”

“अशा वेळी असा एक माणूस पाठीशी असला म्हणजे बरं,” गौरेश म्हणाला.

सुमंगलाबाईंनी पायात चपला सरकवल्या.

*

कोठडीतला विठू शेटगावकर रुंद खांद्यांचा, शांत माणूस होता. आपल्यावर असं काही येऊ शकतं यावर त्याचा अजून विश्वासच बसला नव्हता.

“लाँच बंद कशी पडली?” सुमंगलाबाईंनी विचारलं.

“पडूक ना, बाय. मीच बंद केलंय. मध्यार पावल्यार गोकुळदासान सांगलां, विठू, देवीच्या नावान न्हयेक नारळ सोडूया, इंजिनाचो आवाज नाका. मी बंद केलंय. नारळ सोडलो. मागीर चालूच जायना.”

“का?”

“व्हेपर लॉक. जुन्या जीपीचां पेट्रोल इंजिन तें. पेट्रोलाची नळी तापली की आतलां पेट्रोल उकळता. पंपाक वाफ मेळता, पेट्रोल मेळना. निवलां की आपसूक चालू जाता.”

“चालू असताना होत नाही?”

“चालू आसतना पेट्रोल व्हांवत आसता, ताक तापूक वेळ मेळना. तापिल्लां इंजिन बंद केलां, की नळयेत आसा तें थंयच उकळता.”

“हे तुला माहीत असताना मध्यावर इंजिन बंद केलंस?”

विठूच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी पडली. “पूर्वी व्हायचां तसां. मागीर मारुतीन नळी धुराच्या पायपापसून लांब वळयली, तिका अॅस्बेस्टॉसाची दोरी गुंडाळली. तेच्या उपरांत एकदांय जावक ना. भियेवचां कारणच ना आसलां.”

“पेट्रोल बंद करायचा कॉक कुठे आहे?”

“माझ्या पांयांकडे. चाकाच्या सकयल.”

“आदल्या दिवशी लाँच कुठे होती?”

“गोकुळदासाच्या घराकडे, ताच्या धक्क्यार. दर वर्सा थंयच फुलांनी सजयतत.”

“विठू, तुझा कुणावर संशय?”

“कोणाचेर घेवं? भट देवमाणूस. मारुती पोटापुरतां काम करता. आणि गोकुळदास...” तो हसला. “बाय, ताका कायएक विचारू नाकात. आधीच बिचारो माझ्यापायीं फौजदाराकडे खेपो मारता.”

*

लाँच खारेवाड्याच्या काठावर ओढून ठेवली होती. झेंडूच्या माळा सुकून लोंबत होत्या. एक शिपाई माडाच्या सावलीत बसला होता. मारुतीला तुयेच्या कारखान्यातून बोलावून घेतलं होतं. तो तिथे फिटर होता, मूळचा बेळगावकडचा.

त्याने इंजिनावरचं लाकडी झाकण उचललं आणि बोट दाखवलं.

“ह्ये बगा बाई. म्या नळी हिकडनं न्हेली हुती, लांबनं. आता कशी वाकिवल्या बगा. पार धुराच्या पाइपाला चिकटल्या. आन दोरीचा पत्त्या न्हाई.”

सुमंगलाबाई वाकून पाहत राहिल्या. तांब्याच्या नळीवर जुन्या वळणाची खूण होती आणि नवं वळण चकाकत होतं.

“कुणी केलं असेल?”

“फौजदार म्हंत्यात विठूदादानंच. लाँच त्येचीच न्हवं.” मारुतीने खांदे उडवले. “म्या आदल्या आठवड्यात तेल बगितलं, तवा समदं जागच्या जागी हुतं.”

“त्या दिवशी शिवोलीच्या धक्क्यावर काय झालं?”

“काय न्हाई. गोकुळदास शेटची वाट बगत ऱ्हायलो. सोनाराकडनं पेटी घिऊन त्येच येणार हुते. आदल्या दिवशीच सांगून गेलते, इंजिन बंद करू नका, मी आलो की लगीच निगायचं. लई उशीर केला त्येंनी. तवर इंजिन आपलं चालूच.”

“आणि मध्यावर?”

“बंद पडल्यावर म्या न विठूदादा दोघं हितं वाकलो. पंप माज्या हाताशी, म्या हितंच बसलो हुतो की. पेटी मागच्या फळीवर. भटजी म्होरं, तोंड उगवतीला करून काय काय म्हणत हुते. विठूदादा एकदा मागं गेला बादली आणाया. तेवढंच.”

“पाणी ओतलंत पंपावर?”

“लागलंच न्हाई. शेटनी ओला पंचा दिला, पंपावर घाल म्हनले. म्या झाकण काडस्तवर त्येंनी भिजवून तयारच ठेवला हुता.” मारुती कौतुकाने म्हणाला, “मोटा मानूस, पन अडीनडीला हात घालतोय.”

सुमंगलाबाईंनी फळ्या उचलून लाँचच्या बुडाशी हात घातला. काळ्या, तेलकट पाण्यात खनिजाचे दगड रचलेले होते. त्यांनी एक वर काढला आणि गौरेशच्या हातात दिला.

“अगं ताई!”

दगडावरून काळं पाणी ओघळून त्याच्या मनगटापर्यंत गेलं. गौरेशने तो खाली टाकला आणि रुमालाने हात पुसला. हात काही स्वच्छ झाला नाही आणि रुमाल कायमचा गेला.

“रॉकेलनं निगंल,” मारुती म्हणाला. “पान्यानं न्हाई.”

*

कृष्णनाथ भट देवळाच्या पायरीवर बसले होते. मुखवटा गेल्यापासून ते दिवसातून एकदाच, तेही नुसती पेज घेत होते.

“दगड फौजदारांनी नेला,” ते म्हणाले. “वस्त्र मात्र मी दिलं नाही. देवीच्या अंगावरचं आहे ते.”

“दाखवाल?”

त्यांनी पिवळं रेशीम लांबूनच उलगडून धरलं. मधोमध विटकरी रंगाचा डाग होता. भटजींनी वस्त्र हलवलं तशी बारीक तांबडी धूळ उडाली आणि उन्हात तरंगत खाली बसली.

“धुतलं आहे का हे?”

“छे! जसं पेटीतून निघालं तसंच ठेवलंय.”

“लाँचमध्ये चढण्याआधी पेटी तुमच्या हातात आली होती?”

“नाही. अध्यक्षांनीच आणली, त्यांनीच फळीवर ठेवली. मी सोवळ्यात होतो, पुढे बसलो. देवळात पोचल्यावर दोरी सोडली ती मी.”

“आणि मध्यावर नारळ सोडायची रीतही जुनीच?”

भटजींनी मान हलवली. “नारळ काठावर देतात, उतरल्यावर. माझ्या वडिलांच्या वेळेपासून तेच. यंदा अध्यक्षांच्या मनात आलं. देवीला दिलेला नारळ कुठेही दिला म्हणून वाईट थोडंच आहे? मी काही बोललो नाही.”

*

गोकुळदास नायकांचं घर नदीला लागून होतं. अंगणात खाणीवर जाणारे दोन ट्रक उभे होते. फुलझाडांच्या वाफ्यांना कडेने खनिजाच्या दगडांची बांधणी केली होती. गोकुळदास स्वतः बल्कांवात, दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, गोरे, मऊ आवाजाचे गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांनी गड्याला चहा आणि बेकरीतली ताजी बिस्किटं आणायला सांगितलं.

“विठूसाठी आलात ना? बरं केलंत. माझं तर डोकंच चालत नाही.”

“तो चोर आहे असं तुम्हाला वाटतं?”

“असं कसं विचारता?” ते दुखावल्यासारखे दिसले. “एका बाकावर बसून शिकलो आम्ही. पण तो मागे गेला होता, पेटीजवळ. एकटाच. मला सांगायचं नव्हतं, फौजदारांनी देवीची शपथ घातली. मग काय करणार?”

“इंजिन बंद पडलं तेव्हा तुम्ही काय करत होता?”

“पाहत होतो नुसता. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. ट्रक आहेत दारात, पण पेट्रोल कुठून जातं नि पाणी कुठून, ते ड्रायव्हरला ठाऊक.”

“शिवोलीला पोचायला उशीर झाला म्हणे तुम्हाला.”

“सोनाराचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. ताटकळत बसलो त्याच्या दुकानात.”

चहा झाला. हात धुवायला म्हणून गौरेश आत गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. ते निघाले, तेव्हा गोकुळदास फाटकापर्यंत पोचवायला आले.

“विठूच्या बायकोला समजवा,” ते म्हणाले. “इथे राहून तिचे हाल होतील.”

स्कूटर सुरू करता करता गौरेश म्हणाला, “काय धार्मिक माणूस आहे, ताई! देव्हाऱ्यात शंकराची पिंडी, वर ताजा बेल. ते एक वेळ ठीक. पण मधल्या खोलीत तांदळाचं कपाट आहे ना, त्यालासुद्धा अबोलीची वेणी! समोर खण, हिरव्या बांगड्या. मी म्हटलं, घरात लक्ष्मी नाही, पण अन्नाला लक्ष्मी मानणारी माणसं आहेत अजून.”

सुमंगलाबाई मागे बसता बसता थांबल्या.

“काय म्हणालास?”

“तांदळाच्या कपाटाला...”

“गौरेश,” त्या म्हणाल्या, “आज तू मला चुकून फार मोठी मदत केलीस. आता आधी म्हापशाला सोनाराकडे, आणि मग फौजदाराकडे.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळदासांच्या बल्कांवात माणसं जमली. फौजदार झडतीचा हुकूम खिशात घालून आले होते, पण अजून त्यांचा विश्वास बसला नव्हता. विठू दोन शिपायांच्या मध्ये उभा होता. सुशीला खांबाला टेकली होती. भटजी आणि मारुती बाकावर बसले होते. फाटकाबाहेर वाडा गोळा झाला होता.

“मी लांबण लावणार नाही,” सुमंगलाबाई म्हणाल्या. “फौजदारसाहेब, तुमचं म्हणणं, विठूने नळी वाकवून लाँच बंद पाडली आणि तेवढ्यात मुखवटा बदलला. बरोबर?”

“बरोबर.”

“विठूला लाँच बंद पाडायची होती, तर त्याने नळी कशाला वाकवावी? पेट्रोलचा कॉक त्याच्या पायाशी आहे. पायाने फिरवला असता तरी इंजिन मेलं असतं. पुन्हा उघडला की चालू. कुणाला कळलंही नसतं. त्याऐवजी त्याने आदल्या दिवशी खटपट करून, सगळ्यांना दिसेल असा पुरावा इंजिनात ठेवला?”

फौजदारांनी बाकावरच्या मारुतीकडे पाहिलं.

“मारुतीचंही तेच. तो पंपाजवळ बसला होता. इंजिन बंद पाडायला त्याला बोट पुरलं असतं. व्हेपर लॉकवर कोण अवलंबून राहील? ज्याला प्रवासात इंजिनाला हात लावता येणार नव्हता, तो. त्याने आधीच सापळा लावून ठेवला. पण हा सापळा आपोआप मिटत नाही. चालत्या इंजिनात पेट्रोल वाहत राहतं. नळी कितीही तापली, तरी लाँच बहुतेक चालतच राहिली असती. कुणीतरी ते तापलेलं इंजिन मध्यावर बंद करायला लावणं भाग होतं.”

सगळ्यांच्या नजरा गोकुळदासांकडे वळल्या. ते हसले.

“देवीला नारळ दिला, हा गुन्हा झाला?”

“नाही. पण भटजींच्या वडिलांपासून नारळ काठावर दिला जातो. यंदाच मध्यावर का? आणि शिवोलीला तुमची वाट बघत इंजिन चालू ठेवायला तुम्हीच सांगितलं होतंत. बंद झाकणाखाली ते तापत राहिलं. लाँच आदल्या दिवशी तुमच्याच धक्क्यावर होती.”

“विठू तिकडेच आसलो,” बाहेरून कुणीतरी म्हणालं.

“असेल. मग पंच्याचं काय?” सुमंगलाबाई वळल्या. “मारुती, शेटनी ओला पंचा कधी दिला?”

मारुती गोंधळला. “झाकण काडायच्या आदी... भिजवूनच ठेवला हुता.”

“इंजिन का बंद पडलं हे अजून मारुतीलाही कळायचं होतं. झाकण उघडलं नव्हतं. आणि ज्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, त्यांनी नेमका त्याच दुखण्यावरचा इलाज हातात तयार धरला होता. पंपावर घाल, हेही सांगितलं. लाँच फार वेळ थांबून चालणार नव्हती. एखादी होडी मदतीला आली असती, पेटी तिच्यात गेली असती, उघडून पाहिली गेली असती. थोडा वेळ थांबणं मात्र जरुरीचं होतं.”

“बाय, पुरे,” विठू एकदम म्हणाला. “तुमी चुकतात. तो पेटयेकडे गेलोच ना. मी बगी होतंय. तो माझ्या फाटल्यान उबो होतो, पुरो वेळ.”

“खरं बोलतोस तू, विठू. ते पेटीजवळ गेलेच नाहीत. जायची गरजच नव्हती.”

त्यांनी गौरेशकडे हात केला. गौरेशने खिशातून तो काळा पडलेला रुमाल काढला.

“हा लाँचच्या बुडातला दगड नुसता हातात धरल्याचा परिणाम. आणि देवीचं वस्त्र भटजींनी तुम्हाला दाखवलंय, फौजदारसाहेब. त्यावर कोरडी तांबडी धूळ आहे. तेलाचा एक थेंब नाही. पेटीतला दगड लाँचच्या बुडाशी कधीच नव्हता. तो कोरड्या जागेतला आहे.” त्यांनी अंगणातल्या वाफ्यांकडे बोट दाखवलं. “लाँच थांबली तेव्हा मुखवटा बदललाच नाही. पेटी शिवोलीला लाँचमध्ये चढली, तेव्हाच तिच्यात दगड होता. सोनार सांगतो, मुखवटा तयारच होता. शेट आले, घेतला आणि लगेच गेले. ताटकळण्याचा प्रश्नच नव्हता.”

“मग लाँच थांबवायची कशाला?” गौरेशने न राहवून विचारलं.

“लाँच थांबलीच नसती, तर सोनारापासून देवळापर्यंत पेटीशी एकटं कोण होतं, एवढाच प्रश्न उरला असता. आणि त्याचं उत्तर एकच होतं. लाँच थांबली म्हणून चोरीला दुसरी जागा मिळाली, दुसरी वेळ मिळाली. आणि दगड असा निवडला की दुसरा माणूसही मिळाला.”

गोकुळदासांचा चेहरा उतरला होता, पण आवाज तसाच मऊ होता. “छान रचलंत. सोनं मी कुठे विकलं, तेही सांगा.”

“विकलं नाहीत. तुम्ही ते वितळवूच शकला नसता. तुमची भक्ती खोटी नाही, शेट, तेवढंच एक खरं आहे. घरात बाईमाणूस नाही, देव्हाऱ्यात शंकर आहे. मग रोज ताजी अबोली, खण आणि हिरव्या बांगड्या कुणासाठी? भटजी, मधल्या खोलीतलं तांदळाचं कपाट उघडाल का? दुसऱ्या कुणी हात लावलेला बरा दिसणार नाही.”

कृष्णनाथ भट उठले. फौजदार त्यांच्यामागे गेले. आतून तांदूळ सांडल्याचा आवाज आला, आणि मग भटजींचं रडणं.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांवर मुखवटा होता. देवीच्या डोळ्यांच्या कडांना तांदळाचे दाणे चिकटले होते.

फाटकाबाहेरच्या बायकांनी हात जोडले. विठूने जोडले नाहीत. तो गोकुळदासांकडे बघत होता.

“मी परत करणार होतो,” गोकुळदास म्हणाले. कुणीही काही विचारलं नव्हतं. “जत्रेआधी. देवळाच्या तुळशीवृंदावनाशी ठेवून गेलो असतो. कोर्टात विठूवर काही शाबीत झालं नसतं. त्याला शिक्षा व्हावी असं माझ्या मनात कधीच नव्हतं.”

“मग काय होतं?” फौजदारांनी विचारलं.

उत्तर सुमंगलाबाईंनी दिलं. “त्याने वाडा सोडावा, एवढंच. देवीचा चोर म्हटल्यावर खारेवाड्यात कोण राहील? भाषेच्या भांडणात वाडा त्याच्यावर आधीच उलटला होता. विश्वास ठेवायला लोक तयारच बसले होते. तो गेला असता, नदीकाठची जागा विकली असती. गिऱ्हाईक बघायला शेट होतेच.”

“माझी सगळी जमीन मी हॉटेलवाल्यांना देऊ केली आहे,” गोकुळदास जमिनीकडे बघत म्हणाले. “पण विठूचा तुकडा मधोमध. त्याच्याशिवाय ते घेत नाहीत. मी शब्द देऊन बसलो होतो.”

विठू पुढे झाला. शिपायांनी त्याला अडवलं नाही.

“गोकळ्या,” तो म्हणाला. त्या नावाने शेटना वाड्यात दुसरं कुणी हाक मारत नसे. “माका कित्याक विचारूक ना?”

“विचारून काय झालं असतं? तू दोनदा नाही म्हणालास.”

“हॉटेलवाल्यांक ना म्हटलंय. तुका खंय ना म्हटलंय?”

गोकुळदासांनी वर पाहिलं. फौजदारांनी त्यांच्या दंडाला धरलं, तेव्हाही ते विठूकडेच बघत होते, आणि पायऱ्या उतरताना पहिल्यांदाच त्यांचा तोल गेला. सवयीने विठूचा हात पुढे आला. मग त्याने तो मागे घेतला.

जीप गेली. आता काय करायचं ते कुणालाच कळेना. शेवटी वाड्यातले एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि घसा साफ करून म्हणाले, “विठू, जालां तें जालां. आमी चुकलो. देवीक आतां तुज्याच हातांनी देवळात व्हर. मान तुजो.”

कृष्णनाथ भटांनी मुखवटा पुढे केला. “घे बाबा. तिचीही तीच इच्छा असेल.”

विठूने मुखवट्याकडे पाहिलं, मग फाटकाजवळच्या माणसांकडे. एकेक चेहरा तो पाहत गेला. जाळ्यांच्या दुरुस्तीला ज्यांच्याबरोबर तो बसत असे ते होते. ज्यांच्या मुलांना शाळेच्या सहलीला त्याने लाँचीतून फिरवलं होतं ते होते. ज्या बायकांनी त्याच्या बायकोचं हळदीकुंकू बंद केलं होतं, त्याही होत्या.

“भटांनु, तुमीच व्हरात,” तो म्हणाला. “माका पोलिसांनी व्हेलो तेन्ना ह्यांतलो एकलोय बाहेर येवक ना. माझी बायल सगळ्यांच्या दारांनी फिरली. तुमची देवी मेळ्ळी तुमकां. बरां जालां.”

“विठू...”

“माका घरा जावचां आसा.”

सुशीला खांबापासून सुटून त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. गर्दीने वाट करून दिली. दोघं माडांमधल्या पायवाटेने चालू लागली. ती पुढे, तो मागे. एकदा तिने वळून काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली.

गौरेशने काळा रुमाल परत खिशात कोंबला. भटजी मुखवटा छातीशी धरून अंगणात उभेच होते, आणि त्यांच्याबरोबर देवळाकडे चालायला अजून कुणी पाऊल उचललं नव्हतं.